झाडूवरची हरकत

पुढच्या आवृत्तीतून कोणाला काढायचं हे ठरवायला बसलं की आमच्याकडचे सगळे वाघ एकदम शेळ्या होतात. एरवी एका स्वल्पविरामावरून आठवडाभर भांडतील. पण "हा भाग आता नको" एवढं बोलायची वेळ आली की कोणाचा माइक बंद पडतो, कोणाच्या दारावरची बेल वाजते. मग बोलायचं काम रिलीज मॅनेजरवर, म्हणजे आवृत्ती बाहेर काढणाऱ्यावर, येतं. यंदा ते लोढणं माझ्या गळ्यात होतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. प्रचंड माहिती साठवणारे, चाळणारे, मोजणारे तीसेक प्रोग्राम वेगवेगळ्या टोळ्यांनी लिहिलेले आहेत, सगळे खुले आणि सगळे फुकट. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. आणि प्रत्येक टोळीचं आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आम्ही या सगळ्यांची मोट बांधतो. त्यांना एका मशीनवर नांदवून बघतो, त्यांची भांडणं मिटवतो आणि वर्षातून एकदा तयार संच लोकांच्या हातात देतो. लोक म्हणजे इस्पितळं, विद्यापीठं, हवामानाची कार्यालयं, फुकट ते पौष्टिक म्हणणारे सगळेच. आम्हाला यातून दमडी मिळत नाही. दिवसा नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात जगाची धुणी धुवायची.

नियोजनाचा एक तक्ता असतो. प्रत्येक भागासमोर, तो सांभाळणाऱ्याने आपलं नाव लिहायचं. नाव स्वतः लिहायचं आणि स्वतःच खोडायचं. दुसऱ्याचं नाव खोडणं म्हणजे भर बैठकीत त्याच्या कानाखाली वाजवण्यासारखं आहे. आजवर कोणी ते केलेलं नाही.

'झाडू' या भागासमोर माझ्या बाबांचं नाव होतं. दरवर्षीप्रमाणे, सगळ्यात आधी लिहिलेलं.

झाडू म्हणजे सफाई करणारा प्रोग्राम. ज्या माहितीची मुदत संपली ती तो पुसून टाकतो, नाहीतर डिस्का तुडुंब भरून सगळंच बंद पडेल. मी कॉलेजात होते तेव्हा बाबांनी तो लिहिला. नंतर ते निवृत्त झाले, पण झाडू त्यांनी सोडला नाही. आमच्या मेलिंग लिस्टवर, जिथला मेल सगळ्यांना एकदम जातो, तिथे त्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात, कारण निम्म्या लोकांना हे काम त्यांनीच शिकवलं. मलासुद्धा.

शनिवारी सकाळची बैठक संपली आणि दाढी म्हणाला, "बाई, जरा थांब." दाढी आमच्या चाचण्या बघतो. त्याला मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पडद्यावर मात्र आधी दाढी दिसते आणि मग तो. बाकीचे एकेक करून निघून गेले.

"झाडू हिरवा आहे," तो म्हणाला.

"मग चांगलंच आहे की."

"फार लवकर हिरवा होतो गं. बाकीच्यांना तासतास लागतात, हा चहाला आधण ठेवायच्या आत हिरवा. म्हणून मी आत जाऊन बघितलं." त्याने दाढी खाजवली. "आत एकही चाचणी नाही."

आमच्या मशीनचं असं आहे की चाचणी फसली तर लाल, पार पडली तर हिरवं. आणि चाचणीच नसेल तर? परीक्षेला कोणी बसलंच नाही, तेव्हा नापासही कोणी नाही. हिरवं. आम्ही एवढे उंटावरचे शहाणे, वर्षभर तो हिरवा ठिपका बघून पुढे जात होतो. हिरवं दिसलं की आत डोकवायचं नाही, ही आमची जुनी खोड.

"कोणी काढल्या?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता.

"मास्तरांनीच. एकेक करून. प्रत्येक वेळी खाली लिहिलंय, तात्पुरती बंद." मग त्याने तो कोडच पडद्यावर लावला. "आणि आणखी एक. तारखांची तुलना उलटी झालीय. जुनं पुसायचं आणि नवं ठेवायचं, त्याऐवजी झाडू आता नवं पुसतो आणि जुनं ठेवतो."

यावर त्याने विनोद केला असता तर मी जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं. त्याने केला नाही.

आई-बाबा माझ्या खालच्याच मजल्यावर राहतात. मी तशीच खाली गेले. बाबा आतल्या खोलीत होते. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कमरेला पट्टा लावून ते या खोलीत 'कामाला' येतात. टेबलावर दोन पडदे आहेत, त्यातला एक कधीचाच गेलाय, पण ते तो काढू देत नाहीत. खिडकीखाली बसगाड्या धुवायची जागा आहे आणि पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज दिवसभर येत असतो.

"बाबा, झाडूच्या चाचण्या का बंद केल्यात?"

"चुकीच्या होत्या. सारख्या लाल व्हायच्या."

हा तोच माणूस, ज्याने मला एका लाल चाचणीपायी जेवू दिलं नव्हतं. "चाचणी लाल होते म्हणून चाचणी चुकीची? हे तुम्ही म्हणताय?"

 पोराला चोरी करताना पकडावं तसे त्यांचे डोळे झाले होते. मग हळूच म्हणाले, "लावतो ना परत. तात्पुरत्या बंद आहेत." आणि लगेच, "चहा घेशील?"

मला संताप आला. कोणाचा, ते नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांनी बाबांच्या आजाराचं नाव सांगून बरेच महिने झाले होते. घरात आम्ही ते उच्चारत नव्हतो, आणि उच्चारलं नाही की तो आजार स्वयंपाकघरापुरता राहील, चष्म्याच्या घरापुरता राहील, असं मी धरून चालले होते. तो झाडूपर्यंत गेला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिला सांगितलं. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण बाकी सगळं कळतं.

"दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात ठेवतात," ती म्हणाली. "मी काढून फ्रिजमध्ये ठेवते. बोलत नाही. तूही मागून नीट करत जा."

"आई, हे दुधाच्या पिशवीसारखं नाही. कुठल्यातरी इस्पितळातले कालचे एक्स-रे पुसले जातील. पेशंट टेबलावर असेल आणि फोटो नसेल."

"म्हणून तर म्हणते, मागून नीट कर. चारचौघांत सांगू नकोस." सुरी थांबली. "अगं, त्या मशीनपाशी बसले की ते माणसात असतात. उठले की मला विचारतात, घरी कधी जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे झाकलेली."

मग मी मागून नीट केलं. त्या दिवशी बसून तुलना सरळ केली, दोन-चार चाचण्या परत लावल्या, आणि मोठं शहाणपण केल्यासारखी वर येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ते सगळं पुन्हा उलटं केलं होतं. खाली टीप होती, 'कोणीतरी चूक करून ठेवली होती, सुधारली.' मी पुन्हा सरळ केलं. त्यांनी पुन्हा उलटं केलं. इस्त्रीचा शर्ट घालून, मन लावून.

दाढीला मी म्हटलं, "मी रोज बघत जाईन. त्यांच्यामागे रोज सरळ करत जाईन."

"आणि ज्या दिवशी तुला ताप येईल त्या दिवशी?" तो म्हणाला. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाई. त्यांच्याकडच्या किल्ल्या तरी काढून घ्यायला पाहिजेत, नाहीतर झाडू तरी संचातून काढायला पाहिजे."

किल्ल्या, म्हणजे कोड बदलायचे अधिकार, काढायचे तर समितीत मतदान घ्यायचं. बाबा समितीत आहेत. स्वतःबद्दलची सगळी चर्चा ते त्या पडद्यावर बसून वाचणार. ते शक्यच नव्हतं. राहिला दुसरा मार्ग. साठवणुकीच्या प्रोग्राममध्ये आता स्वतःची सफाईची सोय आली होती, तेव्हा झाडू काढला तरी कोणाचं अडणार नव्हतं. कोड बाबांचा बाबांपाशी राहील, रोज सकाळी त्यांना हवं ते करता येईल, फक्त ते जगापर्यंत पोचणार नाही. लहान पोराला मांडीवर बसवून खोटं स्टिअरिंग हातात द्यावं तसं. दाढीला हे सुचल्याबद्दल मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवल्यावर त्याला शिव्या घातल्या.

"प्रस्ताव टाक," तो म्हणाला होता. "तीन दिवस वाट बघ. कोणी बोललं नाही तर सुंठीवाचून खोकला गेला."

हा आमचा नियम. प्रस्ताव मांडायचा, तीन दिवस थांबायचं. कोणी बोललं नाही तर मान्य. पण एकाने जरी कारण देऊन हरकत घेतली, तर शंभर होकार असले तरी प्रस्ताव जागच्या जागी थांबतो आणि सगळ्यांसमोर त्या कारणाचं उत्तर द्यावं लागतं. हा नियम बाबांनीच लिहिला होता. त्या काळात मोठ्या आवाजाचे लोक बाकीच्यांना दाबत, म्हणून बाबांनी हट्ट धरून तो सगळ्यांकडून मान्य करून घेतला.

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी लिस्टवर टाकायचा मेल लिहिला. 'झाडू पुढील आवृत्तीतून वगळण्याचा प्रस्ताव.' कारण म्हणून एवढंच लिहिलं की साठवणुकीत आता तीच सोय उपलब्ध आहे. खाली नाव घातलं नाही. 'रिलीज मॅनेजर' एवढीच सही केली आणि त्या पदाच्या पत्त्यावरून पाठवला. वाटलं, मास्तरांचे डोळे हल्ली मेलवरून नुसते फिरतात, तीन दिवस निघून जातील.

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघताना खालच्या मजल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला. कित्येक महिन्यांत एवढा खणखणीत आवाज ऐकला नव्हता.

"झाडू काढतायत!" मला बघताच ते म्हणाले. उभे होते, हातवारे करत होते, गाल तांबडे झाले होते. "आणि सही बघ. नाव लिहायची हिंमत नाही. रिलीज मॅनेजर म्हणे! कोण आहे यंदा?"

माझी निवड झाली तेव्हा या माणसाने इमारतीच्या वॉचमनला थांबवून सांगितलं होतं की माझी पोरगी आता सगळ्यांची मुख्य झाली. वॉचमनला त्यातलं काही कळलं नव्हतं, तरी त्याने अभिनंदन केलं होतं. आई दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"कोणीतरी नवा आहे," मी म्हणाले.

"वाटलंच. बस. हरकत लिहायची आहे. टायपिंग तू कर, माझी बोटं आज ऐकत नाहीत."

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांच्या खुर्चीत बसले. ते माझ्या मागे उभे राहून सांगू लागले आणि मी लिहू लागले. खरं सांगते, इतकं चांगलं त्यांनी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं.

"लिही. माझी या प्रस्तावाला हरकत आहे. कारण पुसणं सोपं असतं. माणूस चुकीचं पुसतो आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून झाडू काहीही थेट पुसत नाही. आधी टोपलीत टाकतो, आठवडाभर थांबतो, कोणी परत मागितलं तर देतो, आणि मग पुसतो. साठवणुकीतल्या नव्या सफाईला टोपली आहे का? कोणी उघडून बघितलंय का? की हिरवं दिसलं म्हणून पुढे निघालात?"

माझी बोटं थांबली. मी उघडून बघितलं नव्हतं. दाढीनेही बघितलं नव्हतं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"पुढे लिही. माझी या प्रस्तावाला हरकत आहे. कारण पुसणं सोपं असतं. माणूस चुकीचं पुसतो आणि..." आणि तेच सगळं पुन्हा, शब्दन्‌शब्द, त्याच चढत्या आवाजात. टोपलीपर्यंत आले, हिरव्यापर्यंत आले, आणि पुन्हा विचारलं, "लिहिलंस?" दुसऱ्यांदा मी काहीच लिहिलं नव्हतं. "लिहिलं," मी म्हणाले.

"पाठव."

ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. हा मेल गेला की प्रस्ताव थांबणार. मग दाढीला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागणार की चाचण्या कोणी काढल्या, तुलना कोणी उलटी केली आणि सरळ केलेली परत उलटी कोणी केली. बाबांनी ज्यांना शिकवलं ते सगळे ते वाचणार. मग कोणीतरी गोड शब्दांत लिहिणार, मास्तर, आता आराम करा. आणि बाबा ते एखाद्या चांगल्या सकाळी वाचणार, जेव्हा त्यांना सगळं कळत असेल. हे सगळं मी मनाशी म्हटलं. रिलीज मॅनेजर कोण हेही त्यात बाबांसमोर उघड होणार होतं, ते मात्र मी मनाशी म्हटलं नाही.

मी 'पाठवा'च्या शेजारचं बटण दाबलं. मेल मसुद्यांत जाऊन पडला. पडद्यावरून नाहीसा झाला.

"गेला?"

"गेला."

त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. आमच्या कामात खून, दरोडा वगैरे काही नसतं. आमच्यात कारण देऊन आलेली हरकत दाबणं, यापेक्षा मोठं पाप नाही. ते मी त्याच नियमाच्या बापासमोर केलं, त्याच्याच खुर्चीत बसून.

ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे नवी सफाई उघडून बघितली. बाबांचं बरोबर होतं. टोपली नव्हती. एकदा पुसलं की गेलं. हे असंच बाहेर पडलं असतं तर कोणी चुकून पुसलेलं हिने नियमाने कायमचं घालवलं असतं. मी दाढीला फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडे तो स्वतः उघडून बघू लागला. मग, "बापरे. हे कोणाच्या लक्षात आलं?"

आता सांगायचं म्हणजे मसुदाही सांगावा लागणार होता.

"माझ्या," मी म्हणाले.

"शाब्बास," तो मनापासून म्हणाला. "शोभतेस मास्तरांची पोरगी."

नियोजनात बदल झाला. टोपलीची सोय होईपर्यंत आवृत्ती पुढे ढकलायची, आणि ती सोय करायचं काम दोन चांगल्या माणसांनी अंगावर घेतलं. या बदलावर लिस्टवर भरपूर उत्तरं आली, कौतुक आलं, सूचना आल्या. झाडू काढण्याच्या प्रस्तावावर मात्र एकही ओळ नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी दर तासाला बघत होते, आणि मला वाटत होतं की निदान एकजण तरी विचारेल, मास्तर काय म्हणतायत? ज्यांची पहिली चूक त्यांनी रात्र रात्र बसून सुधारली, त्यांच्यापैकी एकजण. कोणी विचारलं नाही. बहुधा सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं आणि सगळ्यांची सुंठ वाचली.

गुरुवारी दुपारी मुदत संपली. मी तक्त्यातली झाडूची ओळ काढली. नाव खोडावं लागलं नाही, ओळीबरोबरच गेलं.

संध्याकाळी खाली गेले तेव्हा बाबा जेवायच्या टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट अजून अंगावर होता. एखाद्या सकाळी दुधाची पिशवी विसरतात, माझं नाव विसरतात, पण हे ते तीन दिवस धरून बसले होते.

"काही उत्तर आलं?"

"नाही, बाबा. कोणीच काही बोललं नाही."

"तीन दिवस झाले?"

"झाले."

त्यांनी विचार केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे माझं म्हणणं मान्य," ते म्हणाले. "अगं, ऐकलंस का? मान्य झालं. एकानेही विरोध केला नाही."

"ऐकलं," आई म्हणाली. तिने त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता ओट्याकडे गेली. तिथे तिला काही काम नव्हतं.

बाबा खूष होते. बऱ्याच दिवसांनी व्यवस्थित जेवले. जेवता जेवता मधेच त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी हात थांबवला.

"त्या नव्या पोराला कोणी रागावू नका हं."

"कोणाला?"

"तो, रिलीज मॅनेजर. नाव लिहिलं नाही म्हणजे घाबरलेला असणार बिचारा. वाईट नसतात गं ही पोरं. शिकवणारं कोणी भेटलेलं नसतं." पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, "त्याला म्हणावं, ये एकदा घरी. मी शिकवतो. वेळ लागेल, पण शिकेल."

"सांगते, बाबा."

"नक्की सांग," ते म्हणाले. "नाहीतर विसरशील."